सासूबाईंच्या विवाहाची नोटीस

३ मार्च, सोमवार

सासूबाई विवाह करणार आहेत! वय शहात्तर. वर – समोरच्या इमारतीतले निवृत्त लिफ्ट-मेकॅनिक, वय अठ्ठ्याहत्तर. ओळख झाली ती डोळ्यांच्या दवाखान्यातल्या बाकावर. आणि विवाह नोंदणी अधिकारी कोण? मीच.

आज दोघे अर्ज घेऊन माझ्या टेबलापाशी उभे राहिले. "जावईबापू, पेन उमटत नाही तुमच्या सरकारचं!" सासूबाई सर्वांदेखत म्हणाल्या. लिपिक हसले. मी हसलो नाही.

नियम स्पष्ट आहे. नोटीस तीस दिवस फलकावर राहते. कोणी लेखी हरकत घेतली नाही, तर विवाह.

ही जाऊन सात महिने झाले. तेव्हापासून घरात आम्ही दोघेच – हिची आई आणि मी. स्वयंपाकघरातून त्यांनी हाक मारली, की क्षणभर हिचाच आवाज वाटतो. आता तो आवाजही समोरच्या इमारतीत जाणार. मला भीती वाटते. हे वाक्य मी यापूर्वी कधी कागदावर उतरवलेले नाही.

४ मार्च

नोटीस फलकावर लावली. चार कोपऱ्यांना चार टाचण्या.

९ मार्च, रविवार

मुलीला फोन केला. ती सव्वीस वर्षांची. वाटले, हसेल, आजीचे कौतुक करील. ती रडू लागली! "बाबा, थांबवा ना आजीला! सगळंच कशाला बदलायचं?"

सासूबाईंना शेजारी बसून सारे ऐकू येत होते. "बापाची लेक शोभते! बढती नको म्हणाली, का? तर बसायची जागा बदलेल!"

या वयात माणसाने स्थिर असावे, असे मी शक्य तितक्या आदराने म्हणालो.

"वयाला कशाला मधे घेता? तिशीत घर बदललंत, तर आठवडाभर तापानं फणफणला होतात. सांगितलंय मला माझ्या पोरीनं. काही माणसं जन्मतःच निवृत्त असतात, जावईबापू!"

 ताप आला होता, हे खरे आहे.

१७ मार्च

हरकतीचा मसुदा करायला बसलो. कारणाच्या रकान्यापाशी अडलो. 'हरकतदारास एकटे राहण्याचे भय वाटते' – असे कारण कायद्यात नाही. कागद फाडून टाकला. तुकडे खिशात घालून घरी आणले. कार्यालयातल्या टोपलीचा भरवसा वाटेना.

२ एप्रिल, बुधवार

आज तीस दिवस भरले. नोटीस उतरवली आणि पाहतो तो काय – तारखेची जागा कोरी!

एकतीस वर्षांच्या नोकरीत असे कधी घडले नाही. तारीख नाही, म्हणजे नोटीस लागलीच नाही. तीस दिवस पुन्हा पहिल्यापासून. मागची तारीख घातली असती, तर काळ्या कुत्र्यालाही कळले नसते. पण ते नियमबाह्य ठरले असते.

छे! निदान इथे तरी खरे लिहावे. कोरी जागा दिसताच मनात प्रथम आला तो नियम नव्हे. आणखी एक महिना मिळाला, हे आले. विसरलो होतो, की हातानेच टाळले? देवाशपथ, मला ठाऊक नाही.

संध्याकाळी सांगितले. सासूबाई उद्याच्या लग्नाच्या कपड्यांना इस्त्री करत होत्या. इस्त्री उभी ठेवून त्यांनी माझ्याकडे पाहिले.

"मुद्दाम?"

"ठाऊक नाही."

"हं."

एवढेच! पुन्हा इस्त्री फिरवू लागल्या. चार शब्द सुनावले असते, तर बरे वाटले असते. त्या आणखी तीस दिवस या घरात राहणार. मग आनंद का होत नाही?

३ एप्रिल

नव्या नोटिशीवर तारीख घालून दुपारी घरी आलो. दारात सासूबाई, पायाशी दोन पिशव्या, मागे लिफ्टवाले.

"तुमची नोटीस तीस दिवस लटकू दे निवांत. आम्ही आजपासून एकत्र राहणार. लग्न होईल मागाहून."

"लोक काय म्हणतील?"

"लोकांचं राहू द्या. तुमचं काय म्हणणं?"

 मी मोठी पिशवी उचलली आणि त्यांच्या पुढे चालू लागलो. रस्ता मीच आधी ओलांडला.