जाळं धड होतं

सिल्वासा,
३ फेब्रुवारी

प्रिय समाधान,

टपालानं आलेलं पाकीट तू आधी दोनदा उलटून बघशील. गेल्याच्या गेल्या रविवारी आपण मैदानावर भेटलो, तुझा नंबर माझ्याकडे आहे, तुझं सायली गाव इथून रिक्षानं कितीसं लांब, मग पत्र कशाला? बायकोनं, मंगलानंही हेच विचारलं. पण फोन केला असता तर दुसऱ्याच वाक्याला तू 'जाऊ द्या ना सर' म्हणाला असतास आणि मी जाऊ दिलं असतं. आजवर तेच करत आलो आहे. कागद मध्येच बोलत नाही, म्हणून कागद घेतला. विषय तुला ठाऊक आहे. २००७ च्या फायनलमध्ये तू मारलेला गोल, जो मी दिला नाही.

आधी माझी खबरबात सांगतो, म्हणजे हात जरा सुटेल. मी बरा आहे, अडुसष्टाव्या वर्षी माणूस जितका बरा असतो तितका. उजवा गुडघा जिना चढू देत नाही. नोकरी संपून दहा वर्षं झाली, तरी स्पर्धा आली की मंडळी मला खुर्ची देऊन मध्यभागी बसवतात आणि वाद झाला की माझ्याकडे बघतात. यंदा वाद जोरात आहे. चेतन तुला आठवत असेल, माझा विद्यार्थी, तुमच्याविरुद्ध बॅकला खेळायचा. तो आता कंपन्यांच्या स्पर्धेचा सेक्रेटरी झाला आहे आणि त्यानं व्हिडिओ रेफ्रीचं मनावर घेतलं आहे. दोन्ही गोलांमागे बांबूला एकेक मोबाईल बांधायचा, तंबूत एक टॅब ठेवायचा, शंका आली की रेफ्रीनं खेळ थांबवून टॅबवर बघायचं आणि मग निर्णय द्यायचा. वर्ल्ड कपला चालतं तर आपल्याला काय झालं, असं त्याचं म्हणणं.

यावर तीन मीटिंगा झाल्या. वापीचे रमाकांत, आपले जुने रेफ्री, हटून बसले आहेत. गोल झाल्यावर माणसानं ओरडायचं की परवानगीची वाट बघत उभं राहायचं, असं ते विचारतात. मोठ्या स्पर्धांत खेळाडूची काख पुढे होती की नव्हती यावर पाच-पाच मिनिटं रेघा मारत बसतात, तो खेळ राहिला का, असंही म्हणतात. चेतन म्हणतो, एका चुकीच्या शिट्टीनं पोरांचं अख्खं वर्ष वाया जातं, त्याचं काय? दोघांचंही पटतं. रमाकांत बोलले की मी मान हलवतो, चेतन बोलला की पुन्हा हलवतो. शेवटी सगळे म्हणतात, सर, तुम्ही सांगा. मी म्हणतो, विचार करून सांगतो. तीन मीटिंगा माझा विचारच चालू आहे. त्यांना वाटतं, कॅमेरा आला की जुन्या रेफ्रीचा मान जाईल म्हणून म्हातारा रुसलाय. वाटू दे. खरं सांगायचं तर मला या चर्चेचा फार शीण येतो आणि तो गुडघ्यांचा नाही.

त्या रविवारी चेतननं प्रयोग म्हणून मुलींचा मैत्रीचा सामना ठेवला. तुझी ममता त्यात खेळते आहे हे मला आधी माहीत नव्हतं. लाल मोजे घातलेली एक मुलगी डाव्या पायानं बॉल ओढून घेते आणि मारायच्या आधी खांदा खाली टाकते, हे बघून मी शेजारच्याला विचारलं, ही कुणाची? तो म्हणाला, सायलीच्या समाधानची. विचारायची गरजही नव्हती म्हणा. तिनं गोल मारला तेव्हा दोन्ही हात वर करून ती धावत सुटली आणि तेवढ्यात चेतननं शिट्टी मारली. तंबूत तपासणी सुरू झाली. ती हात खाली न घेता तशीच उभी राहिली, मग हळूहळू हात खाली आले. चार मिनिटांनी चेतननं गोल दिला. गोल बरोबर होता, पण तोवर तिच्या मैत्रिणी पाणी प्यायला गेल्या होत्या. दोरीपलीकडे तू उभा होतास आणि टॅबकडे बघत होतास.

सामना संपल्यावर तू माझ्याकडे आलास. केस पिकलेत, पोट थोडं आलंय, चाल तीच. तू वाकलास आणि म्हणालास, "सर, तेव्हा हे मशीन राहिलं असतं ना, तर मी तुमच्या अंगावर आलोच नसतो. बॉल बाहेरूनच गेला होता. जाळं मी सोता पाहिलं होतं, धड होतं. जवानीचा जोश होता सर, माफ करा." मी तुझ्या खांद्यावर हात ठेवला आणि चहा घेणार का म्हणून विचारलं. अठरा वर्षांनी माणूस माफी मागतो आणि मी त्याला चहा विचारतो. तू नको म्हणालास, सेकंड शिफ्टला जायचं होतं.

आता ती फायनल. तुला पाठ असेल, पण माझ्या बाजूनं तू ती कधी ऐकलेली नाहीस. तुम्ही धाग्याच्या कंपनीतली पोरं, बहुतेक जण धुळे-नंदुरबारकडचे, सगळे ठेकेदाराकडे लागलेले. कप आणलात तर टीमला पर्मनंट करू, असं तुमचे मॅनेजर चारचौघांत म्हणाले होते, हे मैदानावर सगळ्यांना माहीत होतं. मलाही होतं. गोलांची जाळी तेव्हा आपण दमणहून आणायचो, कोळ्यांची जुनी, टाकून दिलेली. ऊन तापलं की गोलकीपर मासळीच्या वासानं वैतागायचे. सामन्याआधी रेफ्रीनं दोन्ही जाळी हातानं ओढून बघायची असतात. शाळेत मी हे पोरांकडून घोकून घ्यायचो. त्या दिवशी पहिलं जाळं बघून झालं आणि पाहुणे आले. हार झाले, नारळ झाला, भाषण झालं, पाहुण्यांनी खेळाडूंशी हात मिळवले, ऊन कलायला लागलं. मी घाईत शिट्टी मारली. दुसऱ्या टोकाचं जाळं बघायचं राहून गेलं.

दोन मिनिटं उरली होती, शून्य-शून्य. तू उजवीकडून आत आलास, खांदा खाली टाकलास आणि मारलास. मी तिरका उभा होतो, लाइन्समन मागे राहिला होता. मला बॉल दिसला तो खांबाच्या बाहेरच्या बाजूला, गोलामागच्या चिंचेकडे जाताना. मी गोल न देता गोलकिक दिली. ते तेव्हा माझ्या डोळ्यांना दिसलं तेच होतं, एवढ्यावर विश्वास ठेव. तू धावत आलास, 'सर, आत गेला, आईशपथ आत गेला' म्हणत होतास आणि तिसऱ्यांदा म्हणताना तू माझ्या छातीला दोन्ही हात लावून ढकललंस. मी पडलो. लाल कार्ड काढलं. टायब्रेकरला तुमच्याकडे मारणारा नव्हता, तुम्ही हरलात. मी रिपोर्टमध्ये लिहिलं की खेळाडू विनाकारण पंचाच्या अंगावर धावून आला. तुला दोन वर्षांची बंदी झाली, कंपनीनं टीममधून काढलं आणि महिन्याभरात कामावरूनही. बाकीच्यांपैकी सहा जणांना पुढच्या वर्षी पर्मनंट केलं. तू दुसरीकडे लोडिंगला लागलास, हे मला पुढे कुणीतरी सांगितलं.

आता जे लिहायचं आहे ते मी तीन वेळा लिहून फाडलं. सामना संपला तेव्हा तुमची टीम लांब, पाहुण्यांच्या मांडवापाशी बसली होती. मी एकटाच त्या न तपासलेल्या टोकाला जाळं सोडायला गेलो. खांबाजवळ, जमिनीपासून वीतभर वर, जाळ्याच्या गाठी तुटलेल्या होत्या. मी हात घातला तो कोपरापर्यंत पलीकडे गेला. भोकाच्या कडेला रेषा आखायच्या फक्कीचा ताजा पांढरा डाग होता, बॉल रेषेवर टप्पा खाऊन आला होता त्याचा. मला लगेच कळलं. तेवढ्यात कुणीतरी सांगत आलं की तुमचे मॅनेजर तक्रार करतायत, जाळं बघायला येतायत. माझ्या पिशवीत फुटबॉल शिवायचं दाभण आणि सुतळी कायम असायची. मी खाली बसलो आणि ते भोक शिवलं. सात-आठ टाके. एकदा दाभण बोटात गेलं. टाके चांगले आले, तीस वर्षांची सवय. मग तुम्ही आलात. मॅनेजरनी जाळं ओढून पाहिलं, तूही पाहिलंस, खाली वाकून, खांबापाशीच. मी शेजारी उभा राहून बोट चोखत होतो. तुझ्या तोंडावरचा राग तेव्हा उतरला आणि तिथं दुसरंच काहीतरी आलं. आपणच चुकलो की काय, असं. ते मी पाहिलं आणि घरी गेलो. मंगलानं बोट बघून विचारलं, बॉल शिवलात का? मी हो म्हटलं.

का केलं, तेही सांगतो. आठवडाभरावर वरच्या दर्जाच्या पंचांची यादी निघणार होती, हे एक. जाळं न तपासणारा रेफ्री म्हणून चेतनसारखी माझीच पोरं हसतील, हे दुसरं. दोन्ही कारणं तुझ्या नोकरीपुढे किती हलकी आहेत हे मला कळतं. तेव्हाही कळत होतं. पुढच्या आठवड्यात सांगू, बंदी उठवायच्या वेळी सांगू, असं करत गेलो. तू सायलीत दिसलास की मी रस्ता बदलायचो. त्या यादीत माझं नाव आलंच नाही, हे उगीच सांगतोय.

चेतनला काल वेगळं पत्र दिलं आहे. त्यात हे सगळं आहे, टाक्यांसकट. ढकललंस हे खरं आणि विनाकारण हे खोटं, असंही लिहिलं आहे. रिपोर्ट दुरुस्त करून कमिटीनं ते मीटिंगमध्ये वाचावं अशी विनंती केली आहे. कॅमेऱ्याबद्दल माझं मतही एका ओळीत दिलं. लावा म्हटलं. त्या दिवशी असता तर तुझा गोल तुला मिळाला असता आणि मला खाली बसून ते भोक शिवता आलं नसतं. रमाकांत माझ्याशी बोलणं टाकतील बहुधा. शिट्टी मंगलानं कपाटात ठेवली आहे आणि ती मी आता मागणार नाही.

तू माझी माफी मागितलीस एवढ्यावरच मी कदाचित हे पत्र लिहिलं नसतं, समाधान, इतका मी मुरलेला आहे. पण जाताना तू ममताला हाक मारलीस आणि माझ्या पाया पडायला लावलंस. म्हणालास, "हेच ते सर, यांच्यावर मी हात उचलला होता." ती पोर पाया पडून उठली आणि मला धीर द्यावा तसं म्हणाली, "पप्पा बोलतात घरी, गोल नव्हता तो. त्यांचीच मिस्टेक होती." तुझ्याच घरात, तुझ्याच तोंडून, तुझ्या मुलीनं हे शिकावं, ते मला सोसत नाही. म्हणून हे पत्र आधी तू वाच आणि मग तिच्या हातात दे. तिला काही विचारायचं असेल तर मी सायलीला येईन, तू उंबऱ्यावर उभं केलंस तरी उभ्यानं सांगेन. माफी मागत नाही, तो हक्क मी ठेवलेला नाही. तिला एवढं नक्की वाचून दाखव: तुझ्या पप्पांनी मारलेला बॉल खांबाच्या आतून गेला होता. जाळं फाटलेलं होतं, ते मी शिवलं. तो गोल होता.

तुझाच,
विश्वनाथ सर