स्टेथोस्कोपचं प्लास्टिक

निगडी, रविवार

प्रिय संघर्षदादा,

सप्रेम जयभीम. वहिनींची पाठ आणि तुझी पहिली शिफ्ट दोन्ही ठीक आहेत असं धरून चालते. फोनवर तू "बरं, बघू" म्हणून ठेवतोस, म्हणून लिहिते आहे. झालं ते असं:

१. गुरुवारी सकाळी मैत्रीच्या शाळेत डॉक्टरांशी जोडणारं यंत्र सुरू करायला मी कंपनीतर्फे गेले.
२. डॉक्टरांनी पडद्यावरून दम्याच्या अकरा मुलांची छाती ऐकली. अकराही मुलं आजारी निघाली.
३. यंत्रात दोष नव्हता.
४. पावणेबाराला कवायतीनंतर मैत्रीला धाप लागली. तिच्या नावाचा पंप शाळेत नव्हता. नऊ मिनिटांनी एक पंप उपलब्ध झाला.
५. मैत्री ठीक आहे.

(पाचवा मुद्दा आधी लिहायला हवा होता. पण क्रम तो क्रम.)

आता तपशील. या यंत्रात एक पडदा, एक कॅमेरा आणि छातीला लावायचा स्टेथोस्कोप आहे; डॉ. इरम आपल्या दवाखान्यात बसून काळेवाडीतल्या मुलांची छाती ऐकतात. पहिल्या मुलाच्या छातीत त्यांना चरचर ऐकू आली, दुसऱ्याच्याही आली, आणि अकराव्यापर्यंत त्यांचा चेहरा इतका गंभीर झाला की मुख्याध्यापिका पालकांना फोन लावायला उठल्या. तेव्हा डॉक्टर म्हणाल्या, "आता जरा टेबलाला लावून बघता का?" टेबलाची छातीही चरचरत होती. मी वायर तपासली, जोडणी तपासली, आवाजाची पातळी तपासली (पंधरा मिनिटं, नोंद आहे). शेवटी शिपाई उद्धवरावांच्या हातातला स्टेथोस्कोप घेऊन बघितला. त्यांनी त्याला पारदर्शक प्लास्टिकचं कव्हर घालून वर रबर लावला होता, टीव्हीच्या रिमोटला घालतात तसं. "नवी वस्तू हाय मॅडम, पोरांच्या घामानं खराब व्हईल." आपल्या घरच्या रिमोटचं कव्हर सात वर्षांत निघालेलं नाही आणि त्यावरचे आकडे फक्त आईला ओळखू येतात. कव्हर काढलं, अकराही मुलं बरी निघाली.

तेवढ्यात मैत्रीला मैदानावरून आणलं. तिच्या छातीतली शिटी स्टेथोस्कोपशिवायही ऐकू येत होती. डॉक्टरांनी तिचा फॉर्म उघडला. "श्वासाचा काही त्रास?" यापुढे तुझ्या अक्षरात "नाही", खाली तुझी सही. म्हणून तिचं नाव यादीत नाही आणि पंप शाळेच्या कपाटात नाही. कपाटातले पंप ज्याच्या नावाचे त्यालाच, असा शाळेचा नियम. "पंप घरी असतो," मैत्री एकेक शब्द तोडत म्हणाली, "पाहुणे आले की डब्यात."

तुझं म्हणणं मला माहीत आहे: पंपाची सवय लागते, आणि आजाराचं नाव झालं की ते मुलीला चिकटतं. पहिलं चूक आहे, डॉ. इरम तुला पडद्यावरून समजावतील. दुसऱ्यावर मी वाद घालणार नाही. उद्धवरावांनीही कव्हर काळजीपोटीच घातलं होतं.

नवा फॉर्म सोबत आहे. मैत्रीच्या दप्तरातून पाठवते आहे. पाकीट चिकटवलं आहे, तरी ती वाचेलच.

तुझी,
मिनल

ता.क. – चौथ्या मुद्द्यातला "उपलब्ध झालेला" पंप माझा होता. तीन वर्षं घेते आहे. तुला, आईला, कंपनीला, कुणालाच सांगितलं नव्हतं. औषध तेच असल्याचं डॉक्टरांनी कॅमेऱ्यात बघून घेतलं, मग शाळेतल्या नव्या नळीला जोडून द्यायला सांगितलं.

ता.क. २ – तो पहिल्या मिनिटापासून माझ्या पर्समध्ये होता. सगळ्यांसमोर बाहेर काढायला मला नऊ मिनिटं लागली. तेवढा वेळ मैत्री माझ्याकडेच बघत होती.

ता.क. ३ – कंपनीच्या फॉर्मवरचं माझं "नाही" मी परवा खोडलं. तुझं तू खोड. येत्या शुक्रवारपर्यंत उत्तर दे.