आवाज नसलेली गाडी आणि माझी गूजबेरी

बॅलिनाहोन, बुधवार

प्रिय डिम्पनाताईस,

आदरपूर्वक नमस्कार. तुझा गुडघा आता जिना चढू देतो का? तू पाठवलेलं मलम मी माझ्या गुडघ्याला चोळलं. गुडघा आहे तसाच आहे, मांजर मात्र जवळ यायची बंद झाली. बाकी मी ठणठणीत. पत्राचं कारण परवा माझ्या गूजबेरीच्या झुडपांत येऊन पडलं, तेही तीनदा.

आपल्या ब्रिजिडचा फर्गल विद्यापीठात शर्यतीच्या गाड्यांचं शास्त्र शिकवतो, हे तुला ठाऊक आहेच. त्यानं विजेवर चालणारी मोटरसायकल बनवली आहे, आणि ती वळणावर कशी वागते हे तपासायला त्याला साऱ्या आयर्लंडमध्ये माझ्या फाटकासमोरचंच वळण सापडलं. कौन्सिलनं लगेच रस्ता बंद करून दिला. (शर्यतींच्या गोंगाटाबद्दल मी याच कौन्सिलला तीस वर्षं पत्रं लिहिते आहे. एकाचंही धड उत्तर नाही.)

गाडीवर आपला पोस्टमन मॅलकी. छप्पन्न वर्षांचा, याच रस्त्यावर शर्यती जिंकत म्हातारा झालेला. पहिल्या खेपेला तो थेट माझ्या झुडपांत. फर्गलनं बॅटरी दोन बोटं खाली बसवली, पुन्हा झुडपांत. पुढच्या चाकाच्या स्प्रिंगा बदलल्या, पुन्हा तिथंच.

“पत्रं पेटीत टाकतोस, मग स्वतःला इथं का टाकतोस रे?” मी विचारलं.

“बाई, गाडीच वळत नाही!”

फर्गल पायरीवर बसला. मी भाजलेल्या सोडा ब्रेडला त्यानं हातसुद्धा लावला नाही. (यावरून काय ते समज.) शनिवारी विद्यापीठाची माणसं बघायला येणार, आणि त्यांच्यादेखत गाडी पडली तर चार वर्षांचं काम गुंडाळायचं, असं त्याला कळवलं आहे. “मावशी, आकडे सगळे बरोबर आहेत गं,” एवढंच तो पुन्हा पुन्हा म्हणत होता.

आता, ते वळण मी तीस वर्षं स्वयंपाकघरातून ऐकते आहे. मी मॅलकीला विचारलं, “तू गाडी वळवतोस तरी कधी?”

“हे काय विचारणं? इंजिनाचा आवाज तुमच्या भिंतीवर आपटून कानात आला, की वळवायची.”

“आणि या गाडीला इंजिन कुठं आहे?”

दोघं माझ्याकडे असे बघत राहिले, जशी सिस्टर बेनेडिक्ट माझं भूमितीचं उत्तर बरोबर आलं की बघायची. गाडीला चाळीस मोजणीयंत्रं चिकटवली होती, आणि दोष गाडीत नव्हताच. आमचा पोस्टमन आवाजाची वाट बघत होता! फर्गल म्हणाला, भिंतीवर पांढरी खूण करू. मॅलकी म्हणाला, तिथं भिंतीकडे बघायला सवड कुणाला असते?

मग मीच भिंतीशी उभी राहिले, आणि गाडी वळणाआधीच्या पुलावरून उतरताच पातेल्यावर डाव हाणला. ताई, गाडी अशी वळली, की झुडपाचं पानही हललं नाही! फर्गलनं माझा गालगुच्चा घेतला (या वयात!) आणि अख्खा ब्रेड संपवला. मॅलकी म्हणतो, “तीस वर्षं तक्रारी, आणि आता तुम्हीच गोंगाट करता?” त्याला दुसरा चहा मिळाला नाही.

तुझी,
कन्सेप्टा

ता. क. पातेल्याला पोचा आला. शनिवारसाठी कॉन्व्हेंटची पितळी घंटा पाठव. शाळा सोडताना तू ती कोटाखाली लपवून नेलीस. नाही म्हणू नकोस. तिच्यापायी सिस्टर बेनेडिक्टनं मला आठवडाभर कोपऱ्यात उभं केलं होतं.

आणखी एक. शनिवारी फाटकाशी घंटा वाजवण्याची परवानगी मी कौन्सिलकडे रीतसर मागितली. तीस वर्षांत पहिल्यांदाच दुसऱ्या दिवशी उत्तर आलं. नकार. त्या वळणावरच्या गोंगाटाबद्दल एका रहिवासी बाईंच्या फार तक्रारी आहेत म्हणे, आणि त्या बाईंनी स्वतः गोंगाट करणं शोभणार नाही. तेव्हा घंटा पाठवू नकोस, घेऊनच ये. मनाई मला आहे, तुला नाही. गुडघा कसाही असो.