बिशपला शनिवारी नेणार, त्याविषयी

तोकोमारू खाडी,
मंगळवार, सकाळचा चहा आटोपल्यावर

तीर्थस्वरूप तुरुहिरा अक्का,

तुझ्या धाकट्या भावाचा, होहेपाचा, साष्टांग नमस्कार. (साष्टांग हे लिहिण्यापुरतंच. खरोखर जमिनीवर आडवा झालो तर उठवायला घरात बिशपशिवाय कुणी नाही, आणि तो उठवत नाही, शेजारी येऊन झोपतो.) तुझा गुडघा कसा आहे? नवा बसवलाय म्हणून मिरवत जिने चढू नकोस. हुइया, जावईबापू आणि पोरं मजेत असतीलच; हॅमिल्टनसारख्या शहरात माणसाला मजेत राहण्यावाचून दुसरं काम काय असतं? माझी तब्येत उत्तम आहे. कारणं पुढे येतीलच.

तुझं पत्र पोचलं. हुइयाच्या अंगणाला कुंपण घालून झालं, आता शनिवारी लेक तुला गाडीत घालून इकडे आणणार आणि तू तुझा कुत्रा नि तुझी खमिराची बरणी घेऊन जाणार, हे वाचून काय आनंद झाला म्हणून सांगू! "गुडघ्याचं ऑपरेशन होईपर्यंत सांभाळ रे," म्हणून दोन्ही माझ्या दारात ठेवून गेलीस, त्याला वर्ष होत आलं. ज्याचा सगळा जन्म वेलिंग्टनमध्ये बस चालवण्यात गेला, ज्याने पाव दुकानातून आणला आणि कुत्रा लांबून पाहिला, त्याच्या गळ्यात तू हे बांधलंस. सुटेन एकदाचा. खुशाल ये आणि ने. फक्त उद्या "आधी का नाही सांगितलंस?" असं व्हायला नको, म्हणून दोन गोष्टी कानावर घालतो.

आधी कुत्रा. उजाडलं की तो तोंडात माझा एक बूट धरून पलंगाशी उभा राहतो. दुसरा बूट कुठे आहे ते मी शोधायचं. मग शेजारच्या पारातेनेकाकांच्या रानातून टेकडीवर जायचं. गवतावर दव असतं, पायजमा गुडघ्यापर्यंत भिजतो. वर पोचलं की खाली सगळी खाडी दिसते, जुना धक्का दिसतो, कुणाकडे चूल लवकर पेटली ते धुरावरून कळतं. आणि बिशप ओल्या गवतात लोळून पोटावर ऊन घेत पडतो. मलाही मग शेजारी बसून राहावं लागतं. हे असं रोज सोसतो आहे. पावसातसुद्धा सुटका नाही.

आता टेकडी चढताना माणूस शीळ घालतो. मी रविवारच्या प्रार्थनेतलं एक गाणं शिळेवर घेत होतो. (दुसऱ्या कडव्यात माझा सूर जरा वर जातो, तुला ठाऊकच आहे.) आपल्या दाजींनी, देव त्यांना शांती देवो, बिशपला शिळेच्या इशाऱ्यावर मेंढ्या हाकायला शिकवलं होतं, हे तू जाताना बोलली नाहीस. खमिरासाठी बटाटे किती उकडायचे ते चारदा सांगितलंस, हे एकदाही नाही. त्या सकाळी काकांनी खालच्या कुरणात सगळा कळप गोळा करून ठेवला होता, कारण लोकर कातरणारी टोळी यायची होती. पहिल्या कडव्याला बिशपचे कान उभे राहिले. दुसऱ्या कडव्याला तो तारांखालून आत घुसला आणि त्याने आपलं प्रवचन सुरू केलं. (दाजींनी त्याचं नाव उगाच बिशप ठेवलेलं नाही.) कुरणाचं वरचं फाटक उघडं होतं. आता तूच सांग, लहानपणापासून आपल्याला काय शिकवलंय? दुसऱ्याच्या रानातलं फाटक जसं असेल तसं ठेवावं. उघडं तर उघडं, बंद तर बंद. मी त्या शिकवणीला जागलो. अख्खा कळप माझ्या डोळ्यांदेखत त्या फाटकातून टेकडीपलीकडे गेला आणि ओढ्यात उतरला. उंटावरून शेळ्या हाकणारे मी पुष्कळ पाहिलेत, पण टेकडीवरून प्रार्थना म्हणत मेंढ्या बुडवणारा मीच पहिला असेन.

काका धापा टाकत वर आले. बरंच काही म्हणाले, त्यातलं लिहिण्याजोगं एवढंच: "आता बोलाव ना परत तुझ्या त्या कुत्र्याला! घाल शीळ!"

"कुठली घालू, काका?"

"मघाशी घातलीस ती उलटी घाल!"

घातली, अक्का. शेवटच्या कडव्यापासून पहिल्याकडे, अख्ख्या टोळीसमोर घातली. बिशप खाली बसला आणि कान खाजवायला लागला. मेंढ्या शेवटी काकांच्या स्वतःच्या कुत्र्यांनी आणल्या, पण ओलीचिंब मेंढी कातरतो कोण? टोळी दिवसभर शेडच्या सावलीत पाय पसरून बसली.

आपल्याकडे एवढी चूक झाली की नुसत्या तोंडाने माफी मागून भागत नाही, हातात काहीतरी खाण्याचं लागतं. म्हणून मी तुझ्या बटाट्याच्या खमिराचे, घरात होते नव्हते तेवढे रेवेना पाव टोपलीत घालून घेऊन गेलो. तेव्हा मी या कामात नवीन होतो. पाव मात्र जुनेच वाटायचे. टोळीची मुकादम कहुरंगी नावाची एक दणकट बाई आहे. तिने पाव हातात घेतला, बोटाने वाजवून पाहिला आणि म्हणाली, "बरं झालं आणलात, मामा. पात्यांना धार लावायची राहिलीच होती." सगळे खदाखदा हसले, आणि मग लोणी नि जॅम थापून, चहात बुडवून बुडवून खाल्लासुद्धा. भुकेपुढे कुणाचं चालतं? काकांनी एक पाव तेवढा बाजूला ठेवला. वरचं फाटक वाऱ्याने उघडू नये म्हणून ते त्या पावाचं टेकण लावतात. मध्ये इतका पाऊस झाला, पण तो तसाच आहे.

मी हाय खाल्ली नाही. (म्हणजे खाल्ली, पण कुणाला दिसू दिली नाही.) तुझं ते खमीर मी तान्ह्या पोरासारखं सांभाळत होतो, आज बटाट्याचं पाणी, उद्या साखर, एकही दिवस चुकवला नाही. तरी भिजवलेलं पीठ फुगायचं म्हणून नाही. मग एकदा सकाळी स्वयंपाकघरात येऊन पाहतो तर बिशप परातीभोवती वेटोळं घालून घोरतोय, आणि पीठ फडक्यासकट वर आलेलं. तेव्हा कुठे माझ्या डोक्यात प्रकाश पडला. या थंड घरात पिठाला हवी होती ऊब, आणि या घरात ऊब देणारं दुसरं आहे कोण? तेव्हापासून परात त्याच्या अंथरुणात ठेवतो. एखाददुसरा केस निघतो, मी खसखस म्हणून वेळ मारून नेतो.

पारातेनेकाका हल्ली सकाळी फाटकाशी उभे असतात. शिव्या द्यायला उभा असतो, असं स्वतःच सांगतात, आणि पावासाठी हात पुढे करतात. परवा म्हणाले, "कालचा बरा होता."

"काल तर तुम्ही त्याला दगड म्हणालात."

"बरा दगड होता."

तर हे असं आहे. हुइयाला सांगून ठेव की बिशप तिच्या गल्लीतली सायकलवरची सगळी पोरं हाकून एका कोपऱ्यात उभी करील आणि शेजाऱ्यांना सकाळ-संध्याकाळ प्रवचन देईल. गालिच्याविषयी मी काही लिहीत नाही, तिचं तिला कळेल. आणि खमीर तिथे चालेल असं मला वाटत नाही. खमिराला कुत्रा लागतो, कुत्र्याला टेकडी लागते, आणि टेकडी काही हुइयाच्या गाडीत मावणार नाही. पण तो तुमचा प्रश्न. मी आपला शनिवारी त्याला पट्टा बांधून तयार ठेवतो.

पोरांना आशीर्वाद, जावईबापूंना नमस्कार.

तुझा सुटलेला भाऊ,
होहेपा

ता. क. : शनिवारी रस्ता खचलेला असण्याची शक्यता आहे. अजून खचलेला नाही, पण शक्यता आहे.

आणखी ता. क. : दारापुढच्या पायऱ्या काढून तिथे लाकडी उतार करून घेतलाय. बिशपचे मागचे पाय दुखतात म्हणून. उताराला कठडाही बसवलाय. (कुत्रा कठडा धरत नाही, हे मला कळतं. हसू नकोस.) आईची पुढची खोली रंगवली, खिडकी आता उघडते, सकाळचं ऊन थेट पलंगावर येतं. अक्का, हे घर फार गप्प असतं गं. बिशपही गेला तर मी ओरडू कुणावर? शनिवारी त्याला न्यायला येऊ नकोस. राहायला ये. कपडे सगळे घेऊन ये, हुइयाला काय सांगायचं ते गाडीत बसल्यावर ठरव.

शेवटचा ता. क. : पाव मात्र मीच करणार. खमिराला तू हात लावायचा नाहीस, यावर चर्चा नको. तू टेबलाशी बसून नावं ठेवायची. पारातेनेकाका ठेवतात, पण फाटकाशी, उभ्याउभ्या. घरात बसून सावकाश नावं ठेवायला आपलंच माणूस लागतं.