गुंजनचा मामा आणि पारा

महागाव,
५ सप्टेंबर २०२४

ती. सौ. सुचित्रावहिनींस,
विमलचा सा. न. वि. वि.

फोनच करणार होते, पण आपल्या घरची रीत तुम्हाला ठाऊकच आहे. गोड बोलायचं ते फोनवर आणि भांडायचं ते पत्रात. म्हणून हे पत्र.

आमच्या गुंजनचं लग्न येत्या फेब्रुवारीतलं ठरलं. मुलगा दिग्रसचा, बँकेत आहे. दादाला कळवलं, तर अभिनंदन राहिलं बाजूला, उलट मेसेज आला की मला जमणार नाही, मामा म्हणून दुसऱ्या कोणाला उभं करा. सख्खा मामा जिवंत असताना दुसरा कुठून आणू? बाजारात मिळतो का? बैठकीला त्याला आधी विचारलं नाही म्हणून रुसला असेल तर तसं स्पष्ट सांगावं. आमच्याकडे सोयाबीन फुलाशेंगांत आहे, हे फवारणीत गुंतलेले, घाईघाईत बैठक झाली, एवढंच.

गुंजननं ऐकून घेतलं आणि सांगून टाकलं की मामानं हात धरून आणल्याशिवाय ती बोहल्यावर चढणार नाही. आता मायलेकी दोघी हट्टाला पेटलो आहोत. काय ते कळवा.

राग आहे, पण लोभ त्याहून जास्त आहे, तेवढा सांभाळा.

तुमची,
विमल

पांढरकवडा,
१४ सप्टेंबर २०२४

सौ. विमलताईंस,
सुचित्राचा सप्रेम नमस्कार, वि. वि.

रुसवा नाही हो. रुसले असते तर मी साखर वाटली असती.

ह्यांचे हात थरथरतात. ह्यांनी शपथ घातली होती म्हणून तुम्हाला कळवलं नाही, आज ती मोडते आहे. गेल्या महिन्यात दवाखान्याला कुलूप लावलं. लोकांचे दात सांभाळण्यात आयुष्य गेलं, आणि आता पेशंटच्या तोंडात सुई न्यायची म्हटलं की ह्यांनाच घाम फुटतो. झोप नाही. भाजीत मीठ कमी पडलं तरी आदळआपट. दाराची बेल वाजली की मागच्या खोलीत जाऊन बसतात. लग्नाच्या पंगतीत व्याह्यांना हसवून हसवून ठसका लावणारा तुमचा दादा माणसांना भितो, हे मी डोळ्यांनी बघते आहे. नागपूरच्या डॉक्टरांना कंपवाताची शंका आहे. नवरीचा हात आपल्या हातात थरथरताना सगळा मंडप बघेल, ह्याच एका विचारानं त्यांनी तो मेसेज केला. ताई, मला फार भीती वाटते.

पण एक गोष्ट लिहायलाच हवी. परवा महालक्ष्म्यांच्या जेवणाला सत्यशीला आली होती. ह्यांच्या दवाखान्यात सगळी मदत तीच करायची, साफसफाईही तीच. तिनं आंबिलीची वाटी हातात घेतली आणि आंबील साडीवर सांडली. विचारलं तर म्हणाली की मले वाटलं उमरीनं होऊन राह्यलं. चाळिशीची बाई! हिरड्यांतून रक्तही येतं म्हणे. कंपवात काय सर्दी आहे का, एकाचा दुसऱ्याला व्हायला? मी दोघांनाही घेऊन सोमवारी पुन्हा नागपूरला निघाले आहे.

देवापाशी आमच्यासाठी एक वात जास्त लावा.

तुमची,
सुचित्रा

पांढरकवडा,
६ ऑक्टोबर २०२४

सौ. विमलताईंस,
सप्रेम नमस्कार, वि. वि.

पेढे वाटा! कंपवात नाही. पारा आहे!

विषाचं नाव ऐकून इतका आनंद झालेली बाई डॉक्टरांनी पहिल्यांदाच पाहिली असेल. दोघांच्या लघवीत पारा निघाला, नको तेवढा. दात भरायची ती जुनी चांदी, त्यात पारा असतो. हे अजूनही चांदीची पूड आणि पारा खलात घोटायचे आणि मलमलच्या फडक्यात घालून उघड्या बोटांनी पिळायचे. तयार कॅप्सूल मिळते, पण स्वतः घोटलेलीच दाढेत टिकते, हा ह्यांचा अभिमान. पिळताना थेंब उडायचे, सत्यशीला झाडूनं लोटायची आणि त्याचे बारीक कण होऊन सतरंजीत जायचे. खिडक्या उघड्या होत्या तोवर भागलं. एसी लावला, खिडक्या बंद झाल्या, आणि वास नाही, रंग नाही अशी ती वाफ दोघं दिवसभर ओढत राहिले.

आता सतरंजी गेली, खल गेला, जाणकार माणसं येऊन खोली साफ करून गेली. डॉक्टर म्हणतात, त्या हवेपासून दूर राहिलं की पारा हळूहळू शरीरातून निघून जातो, वेळ लागेल पण हात बरेच सुधारतील. काल हे रात्रभर घोरले. मी जागीच होते, ऐकत.

लग्नाचं मात्र अजून नाहीच म्हणतात. तुम्हीच चार शब्द लिहा, माझे संपले.

प्रेम आहे तसंच ठेवा, कानउघाडणी पाठवा.

सुचित्रा

महागाव,
१२ ऑक्टोबर २०२४, दसरा

ती. सौ. वहिनींस सा. न. वि. वि.

हे दादाला मोठ्यानं वाचून दाखवा.

दादा, तू बरा होतो आहेस हे वाचून मी सोयाबीनच्या ढिगाशेजारी बसून रडले. मजूर बायांना वाटलं भाव पडला. हात थरथरला तर थरथरू दे. मंडपात कोणाचे हात थरथरत नाहीत? नवरदेवाचे तर हमखास. गुंजन म्हणते की बेलला भिणारा मामा चालेल, भाड्याचा चालणार नाही. लग्नाचा दिवस तोच आहे, तुझी जागाही तीच आहे. ती आम्ही रिकामी ठेवू, पण दुसऱ्याला देणार नाही.

माया असेल तर ये.

तुझी,
विमली

पांढरकवडा,
९ मार्च २०२५

चि. सौ. विमलीस,
दादाचे अनेक आशीर्वाद.

अक्षर वाकडं आहे, पण माझं आहे.

तुला एक सांगायचं राहिलं. लग्नाच्या दिवशी खोलीच्या दारातून मांडवातली गर्दी पाहिली. परत फिरणार होतो. हातही हलत होता. गुंजननं तो घट्ट धरला आणि चालायला लागली. लोकांना वाटलं मामानं नवरी आणली. खरं म्हणजे नवरीनं मामाला आणलं.

अंतरपाट दूर झाला, जावई हसले, आणि मला त्यांची डावीकडची किडलेली दाढ दिसली. सुपारीएवढा खड्डा! अक्षता थांबेपर्यंत मी कसाबसा गप्प बसलो, मग कानात सांगून टाकलं. तू माझ्यावर डोळे वटारलेस ते त्यासाठीच.

परवा दोघं इथे आले होते. खिडक्या उघडल्या, जावयांना खुर्चीत बसवलं, सत्यशीलानं एकेक हत्यार हातात दिलं, तिचाही हात आता बरा आहे. पांढरं सिमेंट वापरलं, पाऱ्याचा थेंब नाही. सुई दाढेत नेली, विमले, आणि ती हलली नाही. गुंजन शेजारी उभी राहून बघत होती. दाढ भरून झाल्यावर मी हात धुवायला म्हणून आत गेलो आणि नळ सोडून पोटभर रडलो.

सुचित्राला वाटतं पाणी उगाच वाया घालवलं. तिला सांगू नकोस. जावयांना दुसऱ्या बाजूलाही एक कीड आहे, पुढच्या महिन्यात पाठव.

तुझा,
दादा