गाडी दीड इंच वर

९ जून ६८, रविवार

चारी टायर आज बसले. सकाळी आठला बालाघाटले करीमचाचाच्या गॅरेजात पिकप लावली, निघता निघता चार वाजले. जुने सहा-सोळा मापाचे होते, हे सात-पन्नासचे, मोठे. मिलिटरी डिस्पोजलचे, नक्षी अजून अर्धी शिल्लक. गाडी जमिनीवर उतरवली तर मले माझीच वाटेना.

चाचानं पट्टी लावून मोजलं. मागचा गोळा, म्हणजे एक्सलच्या मधातला, जमिनीपासून दीड इंच वर आला. दीडच. मी म्हटलं, "बस एवढंच?" चाचा म्हणे, "तेरे को इतना ही तो चाहिए था."

खरं आहे. मागच्या सावनात तेवढंच कमी पडलं. भुरसाटोल्याची जमनाबाई बाळंतपणाले अडली होती, घेऊन निघालो, अन् गोळा दोन चाकोऱ्यांच्या मधल्या उंचवट्यावर टेकला. मागची चाकं नुसती फिरत राह्यली. माणसं आणून गाडी उचलेपर्यंत ती गाडीतच गेली. तवापासून तो रस्ता झोपेतही दिसते.

निघताना चाचा म्हणे, "देख वामन, पहिया बड़ा हुआ, बाकी सब वही है. वही ब्रेक, वही एक्सल." तेव्हा हौ हौ केलं. आता लिहिताना तेच आठवून राह्यलं.

११ जून, मंगळवार

किरनापूरच्या चौकात गाडी पूर्ण वळवली की डावा टायर मडगार्डले घासते. खर्रर्र. पानठेल्यावरचे सगळे वळून पाहतात. छन्नी-हातोडा घेऊन मडगार्डची कड कापली, आतून ठोकून वाकवली. आता डावीकडं घासत नाही. उजवीकडं थोडं...

स्टेअरिंग जड. संध्याकाळी मनगटं भरून आली. इंदूनं तेल चोळून दिलं. म्हणे, "तुमी टायर नाई बदलले, जीवाले घोर लावून घेतला." लग्नाले बारा वर्षं झाली, माझ्या तोंडाकडं पाहूनच तिले समजते.

१५ जून, शनिवार

इंदूले बाजारात नेलं. मागं चढताच येईना तिले. एक पाय वर, एक खाली, हातात लुगड्याचा घोळ, अन् लोक पाहून राह्यले. शेवटी म्हणे, "मी धडधाकट बाई. तुमची अडलेली बाई कशी चढन याच्यात?"

हा विचारच केला नव्हता. गोळा वर गेला तर मागची चढाची फळीही वर गेली.

दुपारी सागाच्या दोन फळ्या ठोकून पाट केला, दोन पायऱ्यांचा. इंदूनं उभं राहून पाह्यला. हलते थोडा. उद्या खालून आडवी पट्टी मारतो.

१९ जून, बुध.

मेश्रामबाई आल्या होत्या. किरनापूरच्या दवाखान्याच्या सिस्टर. दवाखान्याले गाडी नाही, म्हणून आडगावचं बोलावणं आलं की त्या अन् माझी पिकप. बाकीचे दिवस धानाचे पोते अन् बाजाराच्या सवाऱ्या.

आज त्यांना ब.घाटले सोडलं. मले शंका होती की स्पीडचा काटा खोटं बोलून राह्यला. बाईंच्या हातात घड्याळ होतं. मैलाच्या दगडापाशी म्हटलं, पाहा. काटा बरोबर तीसवर धरला. दोन मैलांना चार मिनिटं लागाले पाह्यजे. बाई म्हणे, "साडेतीन."

म्हणजे काटा तीस दाखवते तवा गाडी चौतीसनं पळून राह्यली. चाक मोठं, एका फेऱ्यात जास्त रस्ता. हिशेब सोपा, पण मी दहा दिवस चौतीसनं चालवून राह्यलो अन् मले मालूमच नाही.

काट्याच्या काचेवर खडूनं खूण केली. सव्वीसवर. तिथं आला की तीस समजाचं.

२० जून

चाचा म्हणे तेच झालं. ब.घाटचं रेल्वे फाटक. दरवेळी ज्या चिंचेपाशी ब्रेक दाबतो तिथंच दाबला. गाडी थांबेना. म्हणजे थांबली, पण दांडीच्या हातभर अलीकडं. पायाखाली ब्रेक तोच, चाक मात्र भारी, थांबाले वेळ लागते. गेटमननं लई शिव्या दिल्या. त्याचं बरोबर होतं.

सरळ चाचाकडं. त्यानं ब्रेक कसले. म्हणे, याच्यापेक्षा जास्त होत नाही. चिंचेच्या आधी दाबायचं. म्हणे, "आदत बदल, ब्रेक नहीं बदलेगा."

इंदूले सांगितलं नाही.

४ जुलै, गुरुवार

भुरसाटोल्याले पह्यली खेप. चार दिवस पाऊस. बाईंसोबत लसीची पेटी. तो उंचवटा आला तशी गाडी दुसऱ्या गिअरात टाकली, इंजिनाचा दम तुटला. पह्यल्यात टाकली. मोठ्या चाकाले गिअर छोटाच लागते आता. दातात जीभ दाबून धरलेली.

निघाली. खाली कुठं टेकली नाही. गवत फक्त घासलं, सर्रकन.

पुढं जाऊन थांबवली. खाली उतरलो, मागं त्या उंचवट्यापाशी जाऊन उभा राह्यलो. बाई म्हणे, "चला वामनभाऊ, पेटीतला बर्फ वितळून राह्यला."

५ जुलै

मनगट, खांदा दुखते. पेट्रोल जास्त पिते. उजव्या चाकाचं बेअरिंग गरम लागते हाताले. काल खुश होतो, आज गाडीभोवती फिरून हात लावून पाहून राह्यलो, जसा तापल्या माणसाले लावतात.

२२ जुलै, सोमवार

भुरसाटोल्याचे रामाजी पाटील, वय सत्तर. बांबू तोडता तोडता कुऱ्हाड नडगीत गेली. निरोप आला, बाई अन् मी गेलो. जाताना टोल्याच्या अलीकडच्या नाल्याले पाणी घोट्याच्या वर. सहज पार. पाटलाचा पाय बांधला, मागं झोपवलं, त्यांचा पोरगा लक्ष्मण जवळ बसला. तवर नाल्याच्या वरच्या अंगाले पाऊस पडला असन. परत आलो तर पाणी मांडीएवढं, गढूळ, जोरात.

सहा-सोळाच्या टायरवर मी थांबलो असतो. डोळे मिटून सांगतो, थांबलो असतो. पण आता गाडी उंच. लक्ष्मण मागून म्हणे, "जाते ना भाऊ?" मी म्हटलं, जाते.

मधात गेल्यावर गाडी हलकी झाली. कसं सांगू, स्टेअरिंग हातात होतं अन् नव्हतं. एवढ्या मोठ्या टायरात एवढी हवा, पाण्यानं मागचा भाग उचलला अन् हातभर बाजूले सरकवला. बाईंनी माझा दंड धरला. मंग चाकाले कुठंतरी दगड लागला, पकडलं, निघालो.

पाटील वाचतील. टाके पडले. डॉक्टर म्हणे, वेळेवर आणलं.

लक्ष्मणनं माझे पाय धरले. मी ते सोडवून घेतले. गाडीमागं जाऊन पाटावरचा चिखल धुतला.

बाई परत येताना म्हणे, "भाऊ, एक बोलू? पह्यलेच्या टायरवर तुमी थांबले असते."
"हौ."
"मंग उंची पाण्यासाठी नव्हती ना घेतली आपन. चिखलासाठी घेतली होती."

२३ जुलै

इंदूले आज सगळं सांगितलं, फाटकाचंही. भाकर थापत होती. हात थांबला. नुसतं म्हणे, "आन् तुमी?" म्हणजे तुम्ही मेले असते तर, असं.

३० जुलै, मंगळ.

चाचानं खालून पाह्यलं. एक्सलले काही नाही. बेअरिंग बदललं. म्हणे, जुने टायर मागून राह्यला एकजण, देऊ का ठेवू? तुले परत लावाचे असन तर सांग. मी म्हटलं, ठेव. मंग म्हटलं, थांब, सांगतो.

पाऊसभर हेच चालू आहे डोक्यात. जुने लावले तर चिखलात अडकन. हे ठेवले तर... गाडी अडकत नाही, हे बरं का वाईट?

टोल्यावर आता सांगतात म्हणे, वामनची गाडी नाल्याले जुमानत नाही. पाटील बाजेवर बसून येईल त्याले सांगून राह्यले.

८ ऑगस्ट, गुरुवार

लक्ष्मणची बायको शांता. पह्यलं बाळंतपण. टोल्याचा एक माणूस पोहून आला अन् सकाळी नऊला निरोप दिला. बाई अन् मी साडेदहाले नाल्यावर. पाणी कमरेच्या वर. पलीकडं बैलगाडी उभी, त्याच्यावर ताडपत्री, खाली शांता. लक्ष्मण काठावर.

तो वरडला, "या भाऊ!"

मी बांबू घेऊन पाण्यात उतरलो. दहा पावलं. अकराव्याले पाय उचलला गेला. बांबू धरून मागं आलो.

"पानी उतरू दे!" मी वरडलो.

"त्या दिवशी आले होते ना!"

काय सांगू त्याले पाण्याच्या आवाजात? गाडी तरंगते म्हणून? तुझी बायको मागं झोपली असताना गाडी आडवी झाली तर ताडपत्रीखालून कोण काढन तिले? वरडून हे सांगता येत नाही. मी नुसता हात हलवत राह्यलो. नाही. नाही.

बाई म्हणे, "गाडी तुमची, सांगाचं तुमी. मी जबरदस्ती नाई करत." पण त्यांचा चेहरा पलीकडं होता. पलीकडं शांताजवळच्या सुईणीले वरडून विचारत होत्या, अंगावरचं पाणी गेलं का, कळ किती वेळानं येते. अर्धं ऐकू येई, अर्धं नाही.

एक काडी रोवली पाण्याच्या कडेले. दर थोड्या वेळानं पाहू. एकदा तर पाणी काडीच्या वर गेलं. तीन वेळा गाडीत जाऊन बसलो, चावी फिरवली, तीनदा बंद केली. शांताचा आवाज येत होता. मंग येणं बंद झालं. ते जास्त वाईट.

दीडच्या सुमारास काडी कोरडी पडली. दोनले मांडीच्या खाली. गेलो. पह्यल्या गिअरात, न थांबता. सागाच्या पाटावर पाय देववून चौघांनी शांताले चढवलं. परत येताना गाडी सरळ आली, एक बोटही सरकली नाही.

साडेचारले ब.घाटचा दवाखाना. सहा वाजता मुलगी झाली. रडली नाही लवकर. आता श्वास आहे, कमजोर आहे. शांता शुद्धीवर आहे.

९ ऑगस्ट

दवाखान्याच्या व्हरांड्यात लक्ष्मण बसलेला. मी बाजूले बसलो.

तो म्हणे, रागानं नाही, अगदी हळू, "भाऊ, मंग एवढे मोठे टायर लावले काहून?"

चिखलासाठी, म्हणू शकलो असतो. ते खरं आहे. पण त्या दिवशी मीच "जाते" म्हटलं होतं ना त्याले. त्यानं ते धरून ठेवलं, त्यात त्याची काय चूक?

डॉक्टरांना विचारलं, तीन-चार तास आधी आणली असती तर? म्हणे, सांगता येत नाही. बाईंना विचारलं. त्या म्हणे, "मले असं विचारू नका भाऊ, मी रात्री झोपली नाई." मंग स्वतःच म्हणे, "मी असती तर मीबी नसती गेली." पण जरा थांबून म्हणे. ते थांबणं कानातून जात नाही.

१२ ऑगस्ट, सोमवार

मुलगी चमच्यानं दूध घेऊन राह्यली. दोन चमचे. काल एकच घेतला होता.

इंदू आज माझ्यासोबत आली. शांताजवळ बसली, तिचे केस विंचरले. परतताना गाडीत म्हणे, "तुमी नाई म्हटलं त्या दिवशी, मले बरं वाटलं. अन् बरं वाटलं याची लाजबी वाटली." मी गाडी बाजूले घेतली.

चाचानं पुन्हा विचारलं टायरचं. सांगितलं नाही.

१६ ऑगस्ट, शुक्रवार

मुलगी आज रडली. मोठ्यानं. वार्डातल्या बाया हसल्या. डॉक्टर म्हणे, अजून आठ दिवस इथंच, मंग पाहू. पक्कं काही सांगत नाहीत.

शांताले सासू जवळ पाह्यजे. लक्ष्मण बाहेर आला, मले शोधत. मी बोनेट उघडून उभा होतो, उगीच. म्हणे, "मायले आनाचं हाये टोल्यावरून. आज आनता येईन का?"

लांजी गावाकडं आभाळ काळं. वरच्या अंगाले पडून राह्यला की नाही, इथून काय समजन.

म्हटलं, "पानी पाहून सांगतो. नाई म्हटलं तर नाई."

त्यानं टायरकडं पाह्यलं. मंग पुढचं दार उघडून माझ्या बाजूले चढून बसला.

"मीबी येतो," म्हणे. "दोघं मिळून पाहू."