रुपयाएवढं ग्रुपिंग

१८ ऑगस्ट
सकाळी यांचे पाय पुसताना डाव्या अंगठ्याला रक्त दिसलं. चादरीवरही. घुशीनं कुरतडलंय. अर्धांगाच्या झटक्यानंतर त्या पायाला काही कळत नाही, त्यामुळे यांना पत्ता नाही. मी शेजारच्या बाजेवर होते, मलाही नाही.
लातूरला नेलं. डॉक्टरांनी जखम धुतली, इंजेक्शन दिलं. म्हणाले, लगेच आणलंत ते बरं केलंत, भरून येईल. रिक्षावाल्यानं यांना दोन्ही हातांवर उचलून आत नेलं. नाव विचारायचं राहिलं. त्याचं भलं होवो.
संध्याकाळी महेशचा पुण्याहून फोन. "आई, बास झालं आता मळ्यात राहणं. दसऱ्याला गाडी घेऊन येतो. तुम्हा दोघांनाही न्यायचंय." फोन स्पीकरवर होता. यांनी तोंड भिंतीकडे केलं.

१९ ऑगस्ट
शेतातली बिळं पावसानं बुडाली, म्हणून घुशी घराकडे आल्यात. न्हाणीच्या भिंतीखालून वाट काढलीय. काल रात्रीच काचा आणि सिमेंट घालून बुजवली. सकाळी वीतभर अलीकडे दुसरं भोक. पिंजऱ्यात भाकरी लावली, ती मुंग्यांनी खाल्ली. विष घालणार नाही. मागच्या पावसाळ्यात त्यानं आमचं मांजर गेलं.
छबूबाई स्वयंपाकाला आल्या तेव्हा मोरीपाशी एक बसलेली. "बाई, घुस कसली, डुकराचं पिल्लू हाय ते! माझ्याकडं बघितलं अन् निवांत गेली. पाव्हणी हाय जणू."
यांच्या बाजेचे पाय पत्र्याच्या डब्यांत ठेवले. पायाला जाड मोजा, वर मच्छरदाणी. पण हे काही कायमचं नाही.
माळ्यावरून एअर रायफल काढली.

२१ ऑगस्ट
ही रायफल वडिलांनी घेऊन दिली. नांदेडला कॉलेजात एन.सी.सी.च्या नेमबाजीत पहिली आले तेव्हा. शेजारचे म्हणाले, पोरीला बंदूक कशाला. ते म्हणाले, तिला येते म्हणून. लग्नानंतर ती दसऱ्याच्या पूजेपुरती खाली येते.
स्प्रिंग ठीक आहे. जुने छर्रे डब्यात पांढरे पडलेत, तरी वापरून पाहिले. परसात वाळूचं पोतं, त्यावर कागद. न्हाणीच्या दारापासून दहा पावलं. पाच बार टेकून मारले. ग्रुपिंग, म्हणजे पाच छिद्रांचा घेर, वाटीएवढं! एक तर कागदाबाहेर.
नियम ठरवला. पाचही छिद्रं रुपयाच्या नाण्याखाली झाकली जाईपर्यंत जनावरावर नळी धरायची नाही. अर्धमेली घुस बिळात जाऊन तडफडते. तसं करायचं नाही.

२४ ऑगस्ट
सुधाला नांदेडला फोन. एन.सी.सी.तली माझी जोडीदारीण. ऐकून आधी पोट धरून हसली. "अगं, या वयात लोक जपमाळ घेतात, तू बंदूक घेतलीस!" मग गंभीर झाली. म्हणाली, प्रत्येक नळीची आवड वेगळी असते, छर्ऱ्यांच्या एकाच डब्यावर विसंबू नको. तीच उद्या दुकानात जाणार आहे.

२७ ऑगस्ट
सुधानं तीन डबे पाठवले. लातूरच्या एस.टी.त ड्रायव्हरच्या हाती दिले. चपट्या तोंडाचे, गोल तोंडाचे, टोकदार. सोबत चिठ्ठी: "श्वास सोडून मग दाब. तुला दम धरवत नाही, तेव्हाही नव्हता." पैशाचं नावही काढू देत नाही. अशी माणसं मला मिळाली.
पायाची जखम कोरडी.

३० ऑगस्ट
तिन्ही जाती आलटून पालटून मारल्या.
टोकदार: बशीएवढं. बाद.
गोल: वाटी.
चपटे: वाटीपेक्षा किंचित बरे.
सगळ्यांत एक खोड सारखी, छर्रा डावीकडे वर पळतो. माझा हात? डोळा? मोतीबिंदूचं ऑपरेशन झालेलाच डोळा वापरते. चष्म्याचं दुकान गाठून तपासलं. डोळा ठीक.
हे व्हरांड्यात खुर्चीत बसून बघतात. बार झाला की उजव्या हाताची बोटं दाखवतात, कागदावरच्या काळ्या गोलात किती. झटक्यानंतर इतका वेळ कशात लक्ष घातलेलं पहिल्यांदा पाहिलं.

३ सप्टेंबर
चपट्यांवर काम. सराफ्यात गेले, ओळखीच्या दुकानात बारीक काटा मागितला. मालक म्हणाले, "मावशी, सोनं आणलं का?" मी काट्यावर शिसं ओतलं. सगळे थक्क. चहा दिला, काटा दिला, बसायला गादी दिली. एकाच डब्यातले छर्रे, पण वजनात फरक. जड, हलके, मधले वेगळे केले. ज्यांची कड दबलेली, ते बाद.
घरी साबणाच्या पाण्यात धुऊन परातीत वाळवले.
छबूबाई: "बाई, साबुदाणा का हो ह्यो?"

५ सप्टेंबर
मधल्या वजनाचे, धुतलेले. एकेक निवडून. ग्रुपिंग लिंबाएवढं. सुधारलं, पण रुपया नाही. पुन्हा डावीकडे वर.
महेशचा फोन. पुण्यात खालच्या मजल्याचा फ्लॅट बघितलाय. जिना नाही, दवाखाना जवळ. पोरगा काळजीनंच करतो, त्याला दोष नाही. सूनबाईंनी यांच्यासाठी न्हाणीत धरायला दांडाही बसवून घ्यायचं ठरवलंय. असं करणारी सून मिळायला भाग्य लागतं. पण फोन ठेवल्यावर यांनी शब्द जुळवून एवढंच म्हटलं, "मळा. इथं."
मी म्हटलं, मला कळतं. मला आधी माझी नळी सरळ करू द्या.

८ सप्टेंबर
न्हाणीत पुन्हा माती. यांच्या खोलीच्या दाराचा खालचा कोपरा कुरतडलाय.
रायफल मात्र तिथंच अडलीय. छर्रा बदलला, वजन जुळवलं, टेकू बदलला, स्क्रू आवळले. उरलं काय?
नळी. आतून कधी बघितलीच नाही. दरवर्षी चकचकीत दिसते, म्हणून धरून चालले की स्वच्छ आहे.

९ सप्टेंबर
दोरीला सुती चिंधी बांधून नळीतून ओढली. मध्येच चिकटली. जोर लावला तेव्हा बाहेर आली. लाल-पिवळी! क्षणभर रक्तच वाटलं. नाकाशी धरली. हळद, कुंकू, खवट तेल.
भिंग लावून नळीचं तोंड बघितलं. आतल्या कडेला उजवीकडे खाली खपली, लाखेसारखी घट्ट. सुईनं खरवडली तर तांदळाचा दाणाही निघाला. अक्षता! छर्रा बाहेर पडता पडता तिथं धक्का खायचा आणि डावीकडे वर जायचा. माझा डोळा, सुधाचे छर्रे, सराफाचा काटा, सगळे निर्दोष.
चिंधी यांच्यापुढे धरली. "हे काय हो?"
बघितलं. तोंडाचा उजवा कोपरा हलला. मग हसले. आवाज काढून हसले, झटक्यानंतर पहिल्यांदा. "दसरा," म्हणाले. थोड्या वेळानं, "तेल. करडईचं. गंजू... नये."
खंडेनवमीला मी पुरणात असते, पूजा हे करतात. यांचा तेलाचा घाणा होता. या घरात दाराच्या बिजागरीपासून डोक्याच्या टाळूपर्यंत सगळ्याला करडईचंच तेल. वाळलं की ते सरसासारखं धरतं, हे घाण्याच्या मालकाला ठाऊक नसेल? ठाऊक होतं. पण बायकोची वस्तू, गंजू नये.
इतकी वर्षं मी ही बंदूक विसरले होते. हे विसरले नव्हते.

११ सप्टेंबर
रंगाच्या दुकानातून टर्पेंटाइन आणलं. चिंध्यांवर चिंध्या. आधी तांबडी, मग पिवळी, मग करडी, शेवटी पांढरी आली. तोंडाला टोकदार काही लावलं नाही, भिजवून भिजवून काढलं.

१२ सप्टेंबर
पहिले काही बार इकडेतिकडे. धुतलेली नळी रुळायला वेळ घेते. मग मधल्या वजनाचे चपटे, धुतलेले, कोरडे. श्वास सोडून.
पाच बार. कागद यांच्या मांडीवर नेऊन ठेवला. यांनी खिशातून रुपया काढला, छिद्रांवर ठेवला. एकही दिसेना.
सुधाला फोटो. तिचं उत्तर: "कर्नल, सलाम!"

१६ सप्टेंबर
दिवेलागणीला न्हाणीच्या दारात बसले. भिंतीशी भुईमुगाच्या शेंगा, मागे वाळूचं पोतं. मोठी घुस आली. बसली, शेंग उचलली. एकच बार. जागीच गेली, हलली नाही. आनंद झाला नाही, हायसं वाटलं.
छबूबाई: "गेली का पाव्हणी?"

२२ सप्टेंबर
आणखी दोन. एकीच्या वेळी नेम पक्का वाटला नाही, नळी खाली घेतली. दुसऱ्या दिवशी तीच आली. न्हाणीचं भोक पुन्हा काच-सिमेंटनं बुजवलं, ते तसंच आहे. यांच्या दारापाशी माती नाही.
अंगठ्याला नवी कातडी. डॉक्टर खूश.

३० सप्टेंबर
महेश आला. गाडी मोकळी आणलीय, सामानासाठी. आधी पाय बघितला, मग न्हाणी, मग मला म्हणाला, "आई, तू खरंच...?" कागद दाखवला. रुपया ठेवून बघितला त्यानंही. बापासारखाच.
रात्री जेवायला यांच्याजवळ बसला. यांच्या ताटातली भाकरी कुस्करून देत होता. मग म्हणाला, "दिवाळीपर्यंत बघू. पण एकदा जरी पुन्हा चावलं तर ऐकणार नाही, अप्पा." यांनी मान हलवली.
एवढं ऐकून घेणारा मुलगा. देवाला हात जोडले.

१ ऑक्टोबर, खंडेनवमी
पुरण छबूबाईंवर सोपवलं. पूजेला मी यांच्याजवळ बसले. कोयता, विळी, महेशच्या गाडीची चावी, रायफल. तेलाची वाटी मी आधीच उचलून ठेवली. यांनी कुंकवात बोट बुडवलं, नळीच्या तोंडाकडे नेलं.
"अहो, दस्त्याला लावा. नळीला नको."
माझ्याकडे बघितलं. "नळीलाच."
महेश हसू दाबत होता.
लावू दिलं. बोटाचं कुंकू कडेवरून आत ओघळलं. वर अक्षताही.
सकाळी परसात मातीचा लहानसा नवा ढीग होता. महेश उठायच्या आधी मी पायानं सारखा केला. आज संध्याकाळी बसता येणार नाही, पूजेतली वस्तू उद्याशिवाय उचलायची नाही. यांच्या पायात जाड मोजा चढवलाय. चिंध्या आणि टर्पेंटाइन उद्यासाठी काढून ठेवलंय.